हामामात्सू : एका दुरुस्तीतून शहर घडत नसते

#थ्रेड #इतिहास

१/ शिन्कान्सेन मार्गावर टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान हामामात्सू लागते. स्थानकालगत हार्मोनिकाच्या आकाराची ४५ मजली इमारत दिसते. यामाहा आणि कावाई या दोन्ही पियानो कंपन्यांचे हे जन्मस्थान. येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला येथे एकच कथा ऐकविली जाते.

२/ कथा अशी : १८८७ साली येथील प्राथमिक शाळेतील परदेशी ऑर्गन बिघडला. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तोराकुसू यामाहांनी तो नीट केला आणि तसाच स्वतः घडविण्याचे ठरविले. एक माणूस, एक जिद्द, एक शहर!

३/ घटना खरी आहे. निष्कर्ष मात्र भाबडा आहे. मुळात त्या शाळेत ऑर्गन आला कोठून, हे ही कथा विचारतच नाही.

४/ १८७२ च्या जपानी शिक्षणनियमांत गायन हा विषय होता. पण शिकविण्याची सोयच नसल्याने तो 'तूर्त वगळावा' अशी मुभाही होती. ही उणीव भरून काढण्यासाठी १८७९ मध्ये सरकारने शुजी इसावा यांच्या नेतृत्वाखाली संगीतसंस्था उभारली. ऑर्गनची मागणी शासनाच्या धोरणाने निर्माण केली.

५/ हा ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवून वाजवायची पेटी. मराठी संगीत नाटकाच्या रसिकांना तिची ओळख वेगळी सांगावयास नको.

६/ यामाहा आणि त्यांचे सहकारी किसाबुरो कावाई (कावाई कंपनीचे संस्थापक निराळे) यांनी पहिला ऑर्गन खांद्यावरून हाकोनेचा घाट ओलांडून टोकियोस नेला. तेथे निर्णय झाला : सूर चुकलेले आहेत. इसावांच्या संस्थेतच सुमारे महिनाभर स्वरशास्त्र शिकून यामाहा परतले, तेव्हा कुठे पुढचा ऑर्गन सुरात वाजला.

७/ म्हणजेच जिद्दीला सूर दिला तो सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या संस्थेने. तेन्रयू नदीच्या खोऱ्यातील लाकूड आणि परिसरातील कुशल कारागीर हाताशी होते, हेही विसरता येत नाही.

८/ १८९७ मध्ये 'निप्पोन गाक्की' ही कंपनी स्थापन झाली, १९०० मध्ये पियानो आला. त्यानंतरचे एक पान मात्र गौरवगाथेत क्वचितच वाचले जाते. १९२६ साली याच कंपनीच्या कामगारांनी १०५ दिवस संप केला. अखेर तो मोडला गेला.

९/ आणखी एक पान : याच कंपनीत विमानांचे पंखे बनत. १९४५ मध्ये हामामात्सूवर आकाशातून बाँब आणि समुद्रातून तोफगोळे कोसळले. पियानोचे शहर युद्धसामग्रीचेही शहर होते.

१०/ 'थोर पुरुषांमुळे यामाहांना कमी लेखायचे का?' असा आक्षेप येईल. मुळीच नाही. चूक मान्य करून पुन्हा विद्यार्थी होणारा माणूस थोरच. पण केवळ त्याचीच मूर्ती उभी केली, की इसावा, सुतार आणि संपकरी हे तिघेही अंधारात जातात.

११/ १९९५ पासून शहरात नगरपालिकेचे वाद्यसंग्रहालय आहे. जगभरची वाद्ये तेथे मांडली आहेत. तेथे जाणाऱ्याने वाद्यावरील कंपनीचे नाव अवश्य वाचावे. मग क्षणभर थांबून विचारावे : हे लाकूड कोणी तासले, सूर लावायला कोणी शिकविले, आणि मजुरी किती मिळाली? इतिहासाचा अभ्यास या प्रश्नांपासून सुरू होतो.

(समाप्त)