रोख दिले तर उडवतील?

'रोख नको, वस्तूच द्या. रोख दिले तर उडवतील.' हे वाक्य मी मोहल्ल्यातल्या बैठकीत ऐकलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकलंय आणि टीव्हीवरच्या चर्चेत तर रोज ऐकतो. बोलणारे वेगवेगळ्या धर्मांचे, पक्षांचे. पण या एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत. माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कुणी 'हे चालणार नाही' म्हटलं, की पहिला प्रश्न असतो, टेस्ट केलंस का? इथे टेस्ट झालेली आहे आणि निकाल सगळ्यांसमोर आहे.

केनियाच्या पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराजवळ रारिएडा नावाचा भाग आहे. तिथे 2011च्या सुमारास गिव्हडायरेक्टली या संस्थेने गवताचं छप्पर असलेली घरं निवडली आणि एम-पेसा या मोबाइल सेवेतून थेट पैसे पाठवले. काहींना दरमहा, काहींना एकरकमी. अट कुठलीही नाही. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या अर्थतज्ज्ञांनी नंतर हिशेब मांडला. खाण्यावरचा खर्च वाढला, गुरं वाढली, घरांवर पत्रे चढले. दारू आणि तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. पत्र्याचं महत्त्व शहरात बसून कळत नाही. गवताचं छप्पर वरचेवर शाकारावं लागतं, दर वेळी पैसे जातात. पत्रा एकदा घातला की तो खर्च थांबतो. हे गणित त्या घरातल्या माणसांना आधीपासून माहीत होतं, फक्त एकदम तेवढी रक्कम हातात येत नव्हती.

शापिरो स्वतः त्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, तेव्हा शंका घेणाऱ्याने जरूर घ्यावी. मग जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि आना पोपोव्हा यांचं काम पाहावं. त्यांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष तोच आला: पैसे मिळाल्याने दारू-सिगारेटवरचा खर्च वाढत नाही, उलट काही ठिकाणी घटतो.

पुढे त्याच सियाया काउंटीत 653 गावांमध्ये मोठा प्रयोग झाला. दहा हजारांहून जास्त कुटुंबांना प्रत्येकी सुमारे 1000 डॉलर. वाटलेल्या प्रत्येक डॉलरमागे तिथल्या अर्थव्यवस्थेत सुमारे अडीच डॉलरची उलाढाल वाढली. भाव मात्र 0.1 टक्क्याच्या आसपासच चढले. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्या शेजाऱ्यांचीही कमाई वाढली, कारण पैसे गावातल्याच दुकानात, गावातल्याच गवंड्याकडे गेले.

चोरी होत नाही असं नाही. 2023मध्ये गिव्हडायरेक्टलीनेच जाहीर केलं, की काँगोच्या साउथ किवू भागात सुमारे नऊ लाख डॉलर गरिबांपर्यंत पोहोचलेच नाहीत. कर्मचाऱ्यांच्या हातात सिमकार्डची नोंदणी होती, तिथेच गडबड झाली. आमच्या भाषेत याला ॲक्सेस कंट्रोलची चूक म्हणतात. लक्षात घ्या, पैसे उडवले ते वाटणाऱ्यांच्या बाजूने. आपण मात्र पाळत ठेवतो ती घेणाऱ्यावर.

आता आपल्या जकातीकडे येऊ. हनफी फिकहमध्ये जकातीला 'तमलीक'ची अट आहे. रक्कम किंवा वस्तू गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणूनच जकातीच्या पैशातून मशिदीची भिंत बांधता येत नाही. किट दिल्यानेही तमलीक होते, हे मान्य. पण तेल किती, शेवया किती, हे आपण ठरवतो. घेणाऱ्या बाईंच्या घरी रेशनचा तांदूळ पडून असेल आणि मुलीची फी थकली असेल, तर त्या किटमधलं तेल निम्म्या भावात विकतात. मग आपणच म्हणतो, 'बघा, यांना किंमत नाही!' खरं कारण मला वेगळं वाटतं. यूपीआयने पाठवलेल्या पैशाचा फोटो निघत नाही.

रोख सगळं करत नाही. दवाखाना बंद असेल तर खिशातल्या नोटांनी डॉक्टर येत नाही, ते सरकारकडूनच मागावं लागेल. पण केनियातला एक धडा इथे थेट वापरता येईल. दरमहा थोडे पैसे मिळाले तेव्हा घरातलं खाणं सुधारलं, एकरकमी मिळाले तेव्हा टिकाऊ वस्तू आली. म्हणजे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या खालांना महिन्याला हजार रुपये वर्षभर द्यावेत. शिलाई मशीन किंवा हातगाडी घ्यायची आहे त्यांना पूर्ण रक्कम एकदम द्यावी, आणि काय घेतलं याची पावती मागू नये. दोनशे घरांत एकेक पिशवी पोहोचवण्यापेक्षा वीस घरं निवडणं अवघड आहे. उरलेली एकशे ऐंशी घरं नाराज होतील. निवडीचे निकष आधीच सांगून टाकले, तर निदान वशिल्याचा आरोप टळेल.

आणि ज्या खालांचा फोन मुलाच्या खिशात असतो, त्यांना यूपीआय नको. लिफाफा त्यांच्याच हातात द्यावा.