बारावीचे मूल आणि रामजी सुभेदार



ज्या घरात बारावीचे मूल असते ते घर बाहेरूनच ओळखू येते. टी.व्ही. बंद, गावाकडच्या पाहुण्यांना "यंदा येऊ नका, पोराची बारावी आहे" असा निरोप, आणि घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "झाला का अभ्यास?" सकाळी चहाचा कप पुढे करताना तेच, रात्री ताट वाढताना तेच. आमच्या कल्याण पूर्वेच्या वस्तीत विहारामागच्या खोलीत काही कार्यकर्त्यांच्या मदतीने आम्ही संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. बारावीची अकरा मुले-मुली तिथे येतात. पुस्तकातील अडचण ती एकमेकांना विचारतात. आमच्याशी बोलायला येतात तेव्हा मात्र बहुधा घराविषयीच बोलतात.

त्यांतील एका मुलाचे वडील अंबरनाथच्या कारखान्यात कामाला आहेत. दहावीला चांगले गुण मिळाले म्हणून मुलाला सायन्सला घातले. पतपेढीचे कर्ज काढून क्लास लावला. कॉलेज हल्ली नावापुरते आणि क्लास हेच खरे कॉलेज, हा तर सगळीकडचाच प्रकार झाला आहे. या मुलाला फिजिक्स काही केल्या उमजत नाही. क्लासच्या सराव परीक्षेत सत्तरपैकी अकरा गुण मिळाले तो पेपर त्याने घरी दाखवलाच नाही. आम्ही बी.कॉम. झालेले, वीस वर्षे कारकुनीत घातलेली. जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च या मुलाने लिहिला तो आम्ही तपासला आहे. एक खाडाखोड नाही, पैशापैशाचा मेळ. कीर्द-खतावणीत ज्याचा हात असा चालतो तो मुलगा 'ढ' नाही, एवढे आम्हाला कळते. आम्ही त्याला विचारले, "वडिलांना सांगत का नाहीस?" तो म्हणाला, "काका, पप्पा म्हणतील, बाबासाहेब कंदिलाच्या उजेडात अठरा तास अभ्यास करत होते, तुला तर लाईट आहे, पंखा आहे, क्लास आहे. त्यावर मी काय बोलू?"

खरेच, त्याने काय बोलावे? बाबासाहेबांच्या नावापुढे सतरा वर्षांचे पोर उत्तर करू शकत नाही. आपल्या घराघरात हे नाव छडीसारखे वापरले जाते, आणि वापरणाऱ्याचा हेतू वाईट नसतो म्हणून तर ते थांबवणे अवघड जाते. चौदा एप्रिलच्या सुमारास ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला उपक्रम आहे, आम्हीही त्यात बसलो आहोत. पण वर्षातून एक दिवस अभिवादन म्हणून बसणे वेगळे, आणि पोराला वर्षभर त्या अठरा तासांच्या फूटपट्टीने मोजणे वेगळे. ती अठरा तासांची गोष्ट मुख्यतः न्यूयॉर्कच्या शिक्षणाची आहे. बाबासाहेब तिथे १९१३ साली गेले तेव्हा बावीस वर्षांचे होते. शाळेच्या शेवटच्या वर्षाची हकिकत निराळी आहे, आणि ती आपण पालकांनी नीट वाचावी अशी आमची विनंती आहे.

चरित्रकार धनंजय कीर यांनी ती दिली आहे. परळच्या चाळीत एकच खोली. चूल तिथेच, सामान तिथेच, माणसेही तिथेच. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलचे विद्यार्थी. सगळ्यांना एकदम पाठ टेकायला जागा नाही, म्हणून रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपायला लावत आणि स्वतः जागत बसत. रात्री दोन वाजले की मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग त्याच्या जागेवर आपण आडवे होत. पुस्तकांना पैसे नसले की सासरी असलेल्या लेकींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणत आणि तो गहाण टाकत. म्हणजे हिशेब मांडला तर त्या खोलीत पोराचा अभ्यास होण्याआधी बापाचे जागरण होते. आपण पोराला भीमरावांचे तास मोजून दाखवतो. रामजींचे तास कोणी स्वतःला मोजून दाखवत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी. टक्केवारी काढली तर अडतीसही भरत नाही. त्या काळचे गुण आणि आजचे गुण यांची तुलना करता येत नाही हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा कोणी पत्र लिहून तेवढे कळवू नये. मुद्दा पुढचा आहे. त्या गुणांवर मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी सी. के. बोले होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आज आपल्या मंडळांचे 'गुणवंत विद्यार्थी सत्कार' होतात तेव्हा पत्रिकेवरच अट छापलेली असते, ऐंशी टक्क्यांच्या वर. आमच्या अभ्यासिकेतील एक मुलगी पहाटे पाच वाजता सार्वजनिक नळावर पाणी भरते, आई धुणीभांडी करायला गेली की भाकऱ्या टाकते, नववीतल्या भावाचा डबा भरते आणि मग कॉलेजला जाते. संध्याकाळी आठ वाजले की तिला अभ्यासिकेतून उठावे लागते, कारण "पोरीच्या जातीने एवढ्या उशिरा बाहेर राहू नये." भाऊ मात्र साडेनऊपर्यंत नाक्यावर असतो. ही मुलगी पंचावन्न टक्क्यांनी पास झाली तर तिला आपण सत्काराच्या दिवशी कुठे बसवणार? मागच्या रांगेत, टाळ्या वाजवायला? आमच्या मंडळाच्या बैठकीत आम्ही ठराव मांडला आहे की वस्तीतील पास झालेल्या प्रत्येकाचे नाव घ्यावे. त्यावर अजून वाद चालू आहे.

टक्क्यांबद्दल आणखी थोडे. बारावीच्या बोर्डाचे गुण आणि प्रवेश परीक्षेचे गुण यांची आपल्या घरांत फार गल्लत होते. बोर्डाला पास व्हायला पस्तीस टक्के लागतात. इंजिनिअरिंगला जायचे तर संबंधित विषयांत मिळून राखीव वर्गाला चाळीस टक्के असले की पात्रता होते, आणि पुढचा क्रम मुख्यतः सीईटीवर लागतो. डॉक्टरकीला अनुसूचित जातीच्या मुलाला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीत मिळून चाळीस टक्के आणि त्यापुढे सगळी भिस्त नीटवर. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये कापतात. म्हणजे एकाच मुलाला बोर्डासाठी लांब उत्तरे लिहायची, सीईटीला भराभर खुणा करायच्या आणि नीटला हात आवरायचा, अशा तीन सवयी एकाच वर्षात लावून घ्यायच्या असतात. २०२५ साली बोर्डाची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला सुरू झाली आणि नीट झाली ४ मे रोजी. हे ऐंशी दिवसांवर जाते. एवढे दिवस मोठा माणूसही घाण्याला जुंपून राहत नाही. त्यात बाप विचारतो, "शेजारच्याला एवढे पडले, तुला का नाही?"

या सगळ्यावर आपल्या मुलांच्या डोक्यावर आणखी एक ओझे असते, ते म्हणजे कागदांचे. कारकून म्हणून आमचे आयुष्य कागदांत गेले, तेव्हा यावर जरा सविस्तर लिहितो.

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो. वैधता जिल्ह्याच्या जात पडताळणी समितीकडून मिळते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश हवा तर वैधता लागते आणि मुदतीत ती आली नाही तर मूल खुल्या वर्गात धरले जाते. हा २००१ सालचा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३. बारावी सायन्सच्या मुलाने कॉलेजमार्फत बारावीतच अर्ज करायचा असतो. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आपल्यातील किती जणांचे आजोबा शाळेत गेले होते? नसतील गेले, तर गावचे कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना चौदा, नाहीतर वतनी जमिनीचा जुना उतारा शोधावा लागतो. वर सांगितलेल्या मुलीचे मूळ गाव जालना जिल्ह्यात. तिच्या वडिलांनी दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला तहसीलमध्ये "रेकॉर्ड कीपर रजेवर आहे" एवढेच ऐकून रात्रीच्या गाडीने परत आले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. दुसऱ्या खेपेला नोंद सापडली तर आजोबांचे नाव 'धोंड्या'. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र 'धोंडीबा'. मग त्यासाठी प्रतिज्ञापत्र. त्या काळी लिहिणाऱ्याने आपल्या माणसांची नावे कशी लिहिली ते वेगळे सांगायला नको. त्याचा खुलासा आता नातीने करायचा.

याच सुमारास त्या मुलीने आम्हाला विचारले, "काका, माझ्या दाखल्यावर बौद्ध, पप्पांच्या दाखल्यावर हिंदू महार. आपण बौद्ध आहोत तर इथे जुनी जात का लिहायची?" केमिस्ट्रीची वही मांडीवर उघडी होती. आम्ही तिला सांगितले की १९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या होत्या. १९९० साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती झाली आणि त्या बौद्धांना लागू झाल्या. त्यामुळे दाखल्यावर पूर्वीची जात आणि बौद्ध धर्म दोन्ही येतात, आणि आजोबांची नोंद हा इतिहासाचा पुरावा म्हणून द्यायची असते. तिला ते पटले. पण हा प्रश्न तिला परीक्षेच्या वर्षी एकटीला पडावा आणि घरात त्यावर कोणीच बोललेले नसावे, याचे आम्हाला वाईट वाटले.

याशिवाय उत्पन्नाचा दाखला, आधारवरचे आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव जुळवणे, बँकेचे खाते आधारला जोडणे, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज. भारत सरकारची ही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. तेव्हा ती हक्काची आहे, तिच्यासाठी कोणापुढे ओशाळे व्हायचे कारण नाही. पण सर्व्हर बंद म्हणून सायबर कॅफेत चार-चार तास बसलेली मुले आम्ही पाहतो तेव्हा वाटते की या रांगेत बाप, काका, मामा, नाहीतर वस्तीतला कार्यकर्ता का नाही? अभ्यास मुलाऐवजी आपण करू शकत नाही. रांगेत मात्र उभे राहू शकतो. रामजींनी केले ते याच जातीचे काम होते.

आता एक अप्रिय गोष्ट. २०२५ साली सीईटीचा बायॉलॉजीचा गट ९ ते १७ एप्रिलला होता आणि गणिताचा १९ ते २७ एप्रिलला. म्हणजे भर जयंतीच्या दिवसांत. जयंती आमच्याही घरची आहे, तिची वर्गणी आम्ही दारोदार फिरून गोळा करतो. पण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद ठेवायचा असतो, आणि मिरवणुका महिनाभर चालतात. भिंती हादरवणाऱ्या डीजेच्या समोरच्या खोलीत कोणी उद्याच्या पेपरसाठी कानात कापूस घालून बसले असेल, याचा विचार मंडळांनी करावा. आमच्याकडे तरुण कार्यकर्त्यांपैकी काही जण यावर चिडले. "तुम्ही जयंतीच्या विरोधात आहात का?" असे एकाने तोंडावर विचारले. विरोधात असतो तर वर्गणी मागायला गेलो असतो का?

त्या अंबरनाथवाल्या मुलाच्या वडिलांशी आम्ही बोललो. सायन्सची बारावी होऊन नंतर कॉमर्सला, आर्ट्सला गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत. एखादा विषय राहिलाच तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. हे सारे त्यांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, मी मशीनवर उभा राहून आयुष्य काढलं. पोरगं खुर्चीवर बसावं एवढंच मागतो." आम्ही म्हटले, "भाऊ, आम्हीही खुर्चीवरच बसतो की, आणि आम्हाला फिजिक्स येत नाही." ते हसले खरे, पण निर्णय अजून झालेला नाही. मुलाने तो पेपर मात्र त्यांना दाखवला. मारले नाही, बोललेही नाहीत, असे तो सांगतो.

एक गोष्ट पालकांनी नीट ध्यानात ठेवावी. मूल जेवण टाळू लागले, रात्र रात्र जागे राहू लागले, "मी नसलो तर बरे" असे सहज म्हणू लागले, तर ते नाटक समजू नये. जवळ बसावे, ऐकावे, उलट प्रश्न करू नयेत आणि डॉक्टरांना दाखवावे. शासनाचा टेलीमानस हा फोन १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास लागतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. हा क्रमांक आम्ही अभ्यासिकेच्या दारावर खडूने लिहून ठेवला आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही विहारात वैधतेचे अर्ज भरायला बसतो. येताना वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, मुलाचा जातीचा दाखला आणि रेशनकार्ड आणावे. आजोबा-पणजोबांचे नाव, गाव आणि तालुका कागदावर लिहून आणावा. चुलत्याकडे किंवा चुलत भावाकडे वैधता असेल तर तिची प्रत आणावी, काम पुष्कळ सोपे होते. मुलाला बरोबर आणायची गरज नाही. त्याची सही लागेल ती आम्ही अभ्यासिकेत घेऊ.