तक्त्यावरचं झाड

मुलांनो, शाळा सुरू होऊन थोडे महिने झाले, की एक दिवस वर्गात नेहमीच्या बाईंऐवजी एक नवीनच ताई येतात. हातात गुंडाळलेला तक्ता, काखेत टाचणवही, आणि शेवटच्या बाकावर पेन उघडून बसलेले त्यांचे सर! ओळखलंत ना? या असतात छात्राध्यापिका. डी.एल.एड. नाहीतर बी.एड. करणाऱ्या. आज त्यांचा सराव पाठ. म्हणजे या तासाला परीक्षा त्यांची, तुमची नव्हे. (आणि तुम्ही असे लबाड, की हे तुम्हांला बरोब्बर ठाऊक असतं!)

पाठ पर्यावरणाचा असला, तर तक्त्यावर काय असतं? डावीकडे धूर ओकणारा कारखाना, उजवीकडे हिरवंगार झाड. महाराष्ट्रात २०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. त्याआधी तर याच पाठाला थर्माकोलचा डोंगर आणि थर्माकोलची नदी अगदी हौसेनं केली जाई. पाठ संपला, की डोंगर कचऱ्यात!

मग या ताई-दादांना पर्यावरणाचं काहीच वाटत नाही का? छे, तसं मुळीच नाही. विचारून पाहा, कळकळीनं बोलतील. गंमत कुठं आहे ते सांगतो. १९७७ साली जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात पर्यावरण शिक्षणावर एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिथं या शिक्षणाची उद्दिष्टं ठरली: जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग. आपल्याकडे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितला. झालं! विषय आला, पुस्तक आलं, आणि पाठोपाठ मार्कही आले. लेखी परीक्षा मोजते ती पहिली दोन उद्दिष्टं. उरलेल्या तिघांना पेपरात कुठं बसवणार? आजचे छात्राध्यापक शाळेत हा विषय असाच शिकून आलेत. प्रकल्पाची वही सजवायची, सही घ्यायची, माळ्यावर टाकायची. तेव्हा नुसता त्यांना दोष देणं मला तरी पटत नाही.

दुसरी एक वाटही आपल्याच मातीत होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं खेड्याला कुठली परवडायला? म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, खडे हीच साधनं झाली. यात पैसे वाचले हे खरंच, पण मला त्याहून मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. दुकानातला तक्ता आणायला गाव माहीत असावं लागत नाही. बिया गोळा करायच्या, तर कुठलं झाड कुठं आहे आणि ते कधी फळतं, हे शिकवणाऱ्याला आधी हिंडून पाहावंच लागतं!

आता तुमचं काम. पुढच्या वेळी अशा ताई वर्गात आल्या, की तास संपल्यावर त्यांना गाठा. (पाठ चालू असताना नको हं, बिचाऱ्यांचे मार्क जातील!) आणि विचारा, "ताई, आपल्या शाळेमागच्या ओढ्याचं पाणी पुढं कुठं जातं हो?" किंवा, "या हातपंपाचं पाणी उन्हाळ्यात कधी आटतं?" त्यांना उत्तर येईलच असं नाही. त्या बहुधा दुसऱ्या गावच्या असतात. पण तुमच्या आजीला येईल, पंपावरच्या काकांना येईल. ताईंना बरोबर घेऊन जा. त्या पुढं तीसेक वर्षं शिकवणार आहेत. दरवर्षी चाळीस मुलं धरली, तर किती झाली? बाराशे! त्या बाराशेंना तक्त्यावरचं झाड दाखवायचं की शाळेमागचं, हे बहुतेक याच दिवसांत ठरत असतं.

आणि हो, त्यांचा तो तक्ता मागून घ्या. मागची बाजू कोरी असते. ओढ्याचा नकाशा तिथं मस्त मावतो.