एक डॉट, एक फूट

लेगोच्या ठोकळ्यांचं शहर बांधायचं तर आधी माणूस हातात घ्यावा. पिवळ्या चेहऱ्याचा, हात वरखाली करणारा तो प्लॅस्टिकचा माणूस. डोक्यावरचे केस काढून ठेवले तर तो साधारण चार सेंटिमीटर भरतो. त्याच्या जागी आपला साडेपाच फुटी माणूस धरला की प्रमाण निघतं १ ला ४२. ठोकळ्यावरच्या दोन डॉटमधलं अंतर आठ मिलिमीटर. त्याला बेचाळीसने गुणलं की साडेतेहेतीस सेंटिमीटर, म्हणजे फुटाहून किंचित जास्त. एक डॉट, एक फूट. घरं अजूनही स्क्वेअर फुटांत विकत घेणाऱ्या आपल्या लोकांना याहून सोयीचं माप मिळायचं नाही.

हे माप हाताशी धरून मी आणि माझी भाची सध्या हॉलच्या फरशीवर पिंपरी-चिंचवडमधलं पिंपळे सौदागर उभं करतोय. मी चाकण पट्ट्यात मोटारींच्या प्लॅस्टिक भागांचं डिझाइन करते आणि पिंपळे सौदागरला राहते. गाड्या हा माझा रोजचा धंदा आहे आणि मला त्या मनापासून आवडतात. म्हणूनच फरशीवर जे दिसलं ते लिहून काढावंसं वाटलं.

भाचीने पहिल्यांदा तिची खोली बांधली. दहा बाय अकरा फुटांची बेडरूम, म्हणजे नऊ डॉट बाय दहा डॉट. त्यात पलंग, टेबल, कपाट बसलं आणि मध्ये माणूस उभा राहायला जागाही उरली. मग खालचं पार्किंग आखायला घेतलं. एका गाडीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली, तर ती होते साडेसात डॉट बाय पंधरा डॉट. तिने ती पट्टी आणून बेडरूमच्या शेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "मावशी, गाडीची खोली माझ्या खोलीपेक्षा मोठी आहे?" आहे. सव्वादहा चौरस मीटरची बेडरूम आणि साडेबारा चौरस मीटरचं पार्किंग. हा आकडा कागदावर मला कित्येक वर्षं ठाऊक होता, पण दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर तो जसा कळला तसा कागदावर कधीच कळला नव्हता.

इमारतींची गंमत वेगळी. एक मजला तीन मीटरचा धरला तर साडेसात ठोकळ्यांची उंची लागते. बारा मजले आणि खाली स्टिल्ट पार्किंग म्हटलं की टॉवर जवळपास मीटरभर उंच होतो. आमच्याकडची एकच सोसायटी, तिचे सगळे विंग धरून, प्रामाणिक मापाने बांधायची तर घरातले सगळे ठोकळे तिच्यातच संपतील. त्यामुळे इमारत आखताना काय ठेवायचं यापेक्षा काय गाळायचं ते ठरवावं लागतं. आम्ही मजले बारावरून चारवर आणले, पण तळमजला पूर्ण ठेवला: गेट, वॉचमनची केबिन, लेटरबॉक्सची रांग, लिफ्टचं दार आणि रॅम्प. माणसाचा आणि इमारतीचा संबंध पहिल्या दहा फुटांतच येतो. वरचे आठ मजले गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही. रॅम्प गाळला तर आजोबा आत येऊ शकत नाहीत.

गाड्यांवर मात्र आम्ही मनसोक्त वेळ घालवला. खेळण्यातल्या जुन्या गाड्या चार डॉट रुंद असत, आताच्या बहुतेक सहा. आमच्या मापाने सहा डॉट म्हणजे दोन मीटर, म्हणजे चांगली धिप्पाड एसयूव्ही. चार डॉट म्हणजे एक मीटर पस्तीस. ती रुंदी कुणाची? रिक्षाची. बजाजची तीनचाकी जेमतेम एक मीटर तीस रुंद आणि दोन मीटर त्रेसष्ट लांब, म्हणजे चार डॉट बाय आठ डॉट, अगदी नेमकी. पण रिक्षाला पुढे एकच चाक, आणि ते बरोबर मधोमध. चार डॉटच्या पट्टीचा मध्य येतो दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉटच्या मधल्या फटीत, आणि तिथे तर काहीच अडकत नाही. त्यावर उपाय म्हणजे दोन डॉटच्या लांबीवर मधोमध एकच डॉट असलेली छोटी पट्टी. ती लावली की वरचा भाग अर्धा डॉट, म्हणजे चार मिलिमीटर, सरकतो आणि चाक मध्यावर येतं. भाचीला ती पट्टी डब्याच्या तळातून सापडली तेव्हाचा तिचा आनंद मी आमच्या ऑफिसात नवीन इंजिनिअरच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितलाय. पुढे तिने छोटा हत्तीही केला. टाटांचा एस हा ट्रक २००५ साली आला आणि या पट्ट्यातल्या गल्लीबोळांतली मालवाहतूकच त्याने बदलून टाकली. तो दीड मीटर रुंद, म्हणजे साडेचार डॉट. चार घ्यायचे की पाच, यावर बरीच चर्चा झाली. चार ठरले, आणि आरसे बाहेर काढून राहिलेली रुंदी भरून काढली.

ठोकळ्याबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तो माझ्या कामाचा विषय आहे. तो एबीएस प्लॅस्टिकचा असतो. गाडीच्या पुढच्या जाळीवर क्रोम चढवायचं असतं तेव्हा आम्ही वापरतो तेच प्लॅस्टिक. वितळलेलं एबीएस साच्यात थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. बत्तीस मिलिमीटरच्या ठोकळ्यात हे आकसणं सोळा शतांश मिलिमीटर होतं, आणि ठोकळ्याची पकड टिकायला फरक चालतो तो एका शतांशाच्याही आत. म्हणून साचा आधीच तेवढा मोठा कापायचा, सगळीकडे सारखा थंड करायचा आणि दाण्यात ओल राहू द्यायची नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये व्हीएमसी मशीनवर उभं राहणारा कुणीही अनुभवी कारागीर हे ऐकून मान डोलवेल. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावच्या लेगो कंपनीने, वर डॉट आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज केला. तेव्हापासूनचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात बसतो. साठ वर्षांहून जास्त काळ माप न सोडणं ही कारखानदारीतली मोठी गोष्ट आहे, आणि ती मला भाचीला आवर्जून सांगावीशी वाटते.

त्याच कंपनीने त्याआधी तीन वर्षं, १९५५ मध्ये, ठोकळ्यांचा 'टाउन प्लॅन' बाजारात आणला होता. सोबत रस्ते छापलेला पट होता आणि वाहतुकीची चिन्हं होती. युद्धानंतर डेन्मार्कमध्ये मोटारी वाढत होत्या आणि मुलांना रस्त्याची शिस्त लागावी हाही त्यामागचा एक हेतू होता. पण त्या शहरातल्या मोटारी जोडायच्या नव्हत्या, साच्यातून तयार निघत. त्यांत पुढे फोक्सवॅगनच्या इवल्याशा गाड्याही आल्या, त्याच फोक्सवॅगनच्या जिचा कारखाना २००९ साली आपल्या चाकणला सुरू झाला. त्या गाड्यांचं माप होतं १ ला ८७. गाडीत बसेल, हात हलवेल असा माणूस त्या शहरात यायला १९७८ साल उजाडलं. तो आल्यावर दारं, खिडक्या, गाडीची सीट, सगळं हळूहळू त्याच्या अंगाला लावून बेतलं जाऊ लागलं. मला त्या कंपनीच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण वाटतं. शहर कुणाच्या मापाने काढायचं, याचं उत्तर तिथे बदललं.

आपल्याकडे मुलं शहर बांधत नव्हती असं नाही. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय? दगड-विटांवर पोतं, त्यावर माती, हळीव पेरून हिरवळ, कुंभाराकडची चित्रं, पायथ्याशी विहीर, गाव आणि बाजार. किल्ल्यात माप मानाप्रमाणे ठरतं. सिंहासनावरचे महाराज बुरुजाहून मोठे असतात आणि तसंच असायला हवं. पण त्या गावातल्या वाटेवर पाटी घेतलेली बाई, बैल, वासुदेव असे सगळे चालत असतात. किल्ल्याची वाट माणसांनी भरलेली असते. गाडी ठेवलीच तर ती पायथ्याच्या रस्त्याला, एका कडेला.

आमच्या फरशीवर नेमकं उलट झालं, आणि तसंच खऱ्या पिंपळे सौदागरमध्येही झालंय. हे पवनेकाठचं शेतीचं गाव. हिंजवडीला आयटी पार्क आला, मागणी वाढली आणि शेतांच्या बांधाबांधाने प्लॉट पडत गेले. आधी सोसायटी, मग तिची भिंत, मग भिंतीबाहेर उरला तो रस्ता. भाचीनेही आधी इमारती ठेवल्या, मग गाड्या, आणि मधल्या फटींना रस्ता म्हटलं. फुटपाथ राहिलाच. मी तिला एवढंच सांगितलं की आता सगळी माणसं खाली उतरव आणि प्रत्येकाला घरापासून शाळेत, दुकानात, बसस्टॉपवर चालवत ने. ती सोसायटीच्या गेटपाशी अडली, कारण बाहेर पडताच समोर उभी केलेली एसयूव्ही होती. गाड्या उचलल्याशिवाय माणूस पुढे जाईना.

मग आम्ही सगळं काढलं आणि उलट्या क्रमाने मांडलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे फुटपाथवर चालायला अडथळ्याविना किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे साडेपाच डॉट. आम्ही सहा घेतले. छत्री धरलेला माणूस आणि बाबागाडी ढकलणारी आई एकमेकांना ओलांडून जातात का, ते प्रत्यक्ष चालवून बघितलं. जातात. त्यापलीकडे झाडाची आणि खांबाची पट्टी, मग सायकल, मग गाडी. खांब फुटपाथच्या मध्यात ठेवायचा नाही, हा नियम भाचीने स्वतःहून केला. मी सुचवला नव्हता.

नाशिक फाटा ते वाकड हा बीआरटीचा रस्ता आमच्याच भागातून जातो. २०१५ मध्ये तिथे बस धावू लागल्या. रुंदी पंचेचाळीस मीटर, आमच्या मापाने १३४ डॉट. बत्तीस डॉटच्या चार बेसप्लेट शेजारी शेजारी मांडल्या तरी सहा डॉट कमी पडतात. त्याच्या एका काठावर आजीची बाहुली ठेवली आणि दुसऱ्या काठावर भाजीचं दुकान. सत्तरी उलटलेल्या माणसाची चाल सेकंदाला पाऊण मीटर धरली तर तिला पलीकडे जायला पूर्ण एक मिनिट लागतं, तेही मध्ये न थांबता. त्यामुळे मध्ये थांबायला बेट हवं, आणि बेटावर चढायला पायरी नको, उतार हवा. हे फरशीवर कुणालाही पटतं. खऱ्या रस्त्यावर मात्र सिग्नल किती सेकंदांचा असावा यावर वाद होतात, कारण तिथे बोलणारे बहुतेक जण काचेच्या आतून बघत असतात.

पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी योजनेत २०१७ साली निवड झाली तेव्हा पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हाच भाग निवडला गेला. त्यानंतर इथल्या बऱ्याच रस्त्यांना रुंद फुटपाथ मिळाले, सायकलचा पट्टा मिळाला आणि 'एट टू एटी' नावाचं उद्यान झालं. आठ वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या माणसाला जे जमेल ते सगळ्यांना जमेल, हा त्यामागचा विचार. फुटपाथ रुंद झाले तेव्हा 'रस्ता छोटा केला' अशी तक्रार मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये कितीदा तरी ऐकली. माझं मत स्पष्ट आहे. रस्ता छोटा झालेला नाही, त्यातला माणसाचा वाटा थोडा परत मिळाला आहे. आता त्या फुटपाथवर दुचाकी चढू न देणं हे काम बाकी आहे आणि ते आपलं आहे.

मे २०२५ मध्ये महापालिकेच्या सुधारित विकास आराखड्याचं प्रारूप जाहीर झालं आणि त्यावर हजारो हरकती आल्या. हरकती घेणाऱ्या किती लोकांना आराखड्याचा नकाशा खरोखर वाचता आला असेल? रंगीत पट्टे, सर्व्हे नंबर, आरक्षणांचे क्रमांक. आपलं घर शोधायलाच अर्धा तास जातो. पण नकाशा सोपा करता येतो. २०१६ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने निर्वासितांसाठी घरं कुठे बांधावीत हे लोकांना विचारलं. तिथल्या हाफेनसिटी विद्यापीठाने अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने टेबलावर शहराचा नकाशा उजळला आणि लोकांच्या हातात लेगोचे ठोकळे दिले. लोक ठोकळा जागेवर ठेवत आणि त्या जागेची माहिती समोर येई. त्या बैठकांतून दीडशेहून जास्त जागा सुचवल्या गेल्या. सगळ्या मंजूर झाल्या नाहीत, पण नाही म्हणताना प्रशासनाला त्या त्या जागेचं कारण द्यावं लागलं. हरकतीची सुनावणी अशीही घेता येते. त्यासाठी परदेशी यंत्रही नको. प्रभागाच्या एका चौकाचा मोठा नकाशा, एक टेबल आणि मुलांच्या डब्यातले ठोकळे इतकं पुरेल. नगररचना विभागातल्या मंडळींनी पुढच्या सुनावणीत एकदा तरी हे करून बघावं, अशी माझी जाहीर विनंती आहे.

आमचं शहर मोठं होत चाललंय आणि हॉल कमी पडतोय, म्हणून येत्या रविवारी सकाळी ते सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हलवणार आहोत. शाळेच्या गेटसमोरचा रस्ता अजून बाकी आहे: सकाळी सात वाजता तिथे स्कूलबस, रिक्षा, स्कूटरवरचे बाबा आणि चालत येणारी मुलं एकदम येतात आणि चौघांना जागा कशी द्यायची ते आम्हाला सुटलेलं नाही. ज्यांना यायचंय त्यांनी आपली मुलं आणावीत, आणि घरात करड्या प्लेटा पडून असतील तर त्याही आणाव्यात. फुटपाथला खूप लागतात.