टिड्डा, टिड्डी आणि टोळ

उर्दूत नाकतोड्याला 'टिड्डा' म्हणतात आणि टोळाला 'टिड्डी'. वर्गातल्या मुलांना हमखास वाटते की टिड्डा म्हणजे नर आणि टिड्डी म्हणजे त्याची मादी. तसे नाही. मराठीतही हे दोन शब्द वेगळेच आहेत. गवतात एकटा उड्या मारतो तो नाकतोडा आणि धाड घालतो तो टोळ. भाषेपुरता हा भेद ठीक आहे. पण शंभर वर्षांपूर्वी कीटकशास्त्रज्ञही याच भेदात अडकले होते आणि त्याची किंमत शेतकरी मोजत होता.

युरोपातल्या संग्रहालयांत तेव्हा दोन कीटक दोन वेगळ्या नावांनी ठेवले जात. थव्याने फिरणारा 'लोकस्टा मायग्रेटोरिया' आणि एकटा राहणारा 'लोकस्टा डॅनिका'. बोरिस उवारोव हे रशियन कीटकशास्त्रज्ञ आपल्या देशात टोळांच्या बंदोबस्ताचे काम करून १९२० साली लंडनला आले. १९२१ मध्ये त्यांनी एक निबंध छापला. वरवर पाहता तो निव्वळ वर्गीकरणाचा, म्हणजे सामान्य वाचकाला जांभई आणणारा. मानेमागच्या कवचाचा उंचवटा किती, पंखांची लांबी किती, मागच्या मांडीची किती. पण या मोजमापांतून निष्कर्ष निघाला तो असा की या दोन जाती नाहीतच. एकच कीटक एकटा असताना एका रूपात असतो आणि गर्दीत वाढला की दुसऱ्या रूपात जातो.

टोळ येतात कुठून आणि मधली वर्षे कुठे गायब होतात, या जुन्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळाले. ते गायब होतच नाहीत. वेगळ्या वेषात, वेगळ्या नावाने तिथेच असतात. (सगळेच नाकतोडे असे नसतात, बरे का. हजारो जातींपैकी जेमतेम वीसेक जातीच टोळ बनतात.)

आपल्याकडे येतो तो वाळवंटी टोळ. एकटा असताना मातकट रंगाचा, रात्री उडणारा, आपल्या भाईबंदांना टाळणारा. वाळवंटात चांगला पाऊस झाला की ओल्या वाळूत मादी अंडी घालते, हिरवळ असते, पिल्ले वाढतात. मग हिरवळ सुकत जाते आणि उरलेल्या चार झुडपांवर सगळे गोळा होतात. एकमेकांच्या मागच्या पायांना सारखे घासू लागतात. हा स्पर्शच कळ फिरवतो. काही तासांत कीटकाचा स्वभाव पालटतो आणि तो दुसऱ्याला टाळायचे सोडून जवळ जाऊ लागतो. या बदलामागे सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन आहे, हे २००९ साली सिद्ध झाले. माणसांच्या उदासीवरच्या औषधांसंदर्भात ज्याचे नाव ऐकतो, तेच. रंग बदलायला जास्त वेळ लागतो, पण तोही बदलतो. आधी गुलाबी, वयात आल्यावर पिवळा. आणि उड्डाण दिवसा.

मे २०२० मध्ये हे टोळ अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत पोचले. लोक थाळ्या वाजवत शेतात धावले, रात्री फवारण्या झाल्या. टाळेबंदी होती, त्यामुळे निरोप्यांना ऊत आला होता. माझ्या मोबाइलवर दोन प्रकारचे निरोप आले. एक आपल्याच माणसांकडून, की हा अल्लाहचा अजाब आहे, फिरऔनवरही टोळ आले होते. दुसरा शिक्षकांच्या एका गटात, की ही शेजारी देशाने सोडलेली फौज आहे. दुसरा निरोप वाचताना माझ्यासारख्याला काय वाटते ते वेगळे सांगायला नको. पण मला दोन्हींचा सारखाच राग आला, कारण दोघांनाही टोळ कुठून आले हे शोधायचे नव्हते. कुरआनात टोळांचा उल्लेख आहे, खरे आहे. पण त्याच कुरआनात मुंगीच्या आणि मधमाशीच्या नावाच्या सूरा आहेत आणि निसर्गाकडे डोळे उघडून पाहा, हेही वारंवार सांगितले आहे.

खरी हकीकत अशी. २०१८ च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये अरबस्तानच्या रिकाम्या वाळवंटात दोन चक्रीवादळे धडकली. जिथे एरवी थेंब पडत नाही तिथे तळी साचली. माणूस नाही, रस्ता नाही, पाहणी नाही. तिथे टोळांच्या पिढ्या कुणाला न दिसता वाढल्या. पुढे ते येमेनमध्ये गेले, जिथे युद्धामुळे पाहणीची यंत्रणा मोडून पडली होती. तिथून आफ्रिकेचे शिंग, इकडे इराण, पाकिस्तान आणि मग आपण. शेजाऱ्याची शेतेही आपल्या आधी खाल्ली गेली होती. अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत यांचा टोळांसाठीचा संयुक्त आयोग १९६४ पासून आहे. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन देशांचे अधिकारी टोळांची आकडेवारी मात्र एकमेकांना देतात. हे त्या निरोपात कुणी लिहिले नाही.

एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटी टोळ असू शकतात आणि असा थवा दिवसाला सुमारे ३५ हजार माणसांइतके अन्न फस्त करतो. तो आकाशात आल्यावर फवारणी करणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्याला अडवायचे ते वाळवंटात, मातकट रंगाचा एकटा कीटक असताना. म्हणजे तो ओळखता येणारा माणूस तिथे हवा, ज्या वर्षी काहीच घडत नाही त्या वर्षीही हवा.

आणि नेमका हाच माणूस आपल्याला फुकटचा वाटतो. टोळांसाठीची आपली इशारा संस्था १९३९ पासून आहे. पण किती पालकांना मुलाने कीटक ओळखायला शिकावे असे वाटते? माझ्या शाळेतली एक मुलगी बारावीनंतर प्राणिशास्त्राला गेली तर नातेवाइकांनी तिच्या अब्बांना विचारले, "किडे मोजून पोट भरणार का?" एका महाविद्यालयात मी कीटकांचा जुना संग्रह पाहिला. पेट्यांवर सुंदर अक्षरात नावे, गावे, तारखा, आणि आत झुरळांनी खाऊन उरलेले पाय. डांबरगोळ्या बदलणारा कर्मचारी निवृत्त झाला, ती जागा भरलीच नाही. त्यातल्या एखाद्या पेटीत कोणते दोन कीटक प्रत्यक्षात एकच होते, हे आता कुणाला तपासता येणार नाही.

ती मुलगी सध्या एम.एस्सी. करते आहे. विषय आहे कपाशीवरचे तुडतुडे. अब्बा अजून नाराज आहेत.