उसन्या उजेडाचे आकडे

धागा : जुना कॅमेरा दुरुस्त करताना आपण नेमके काय काढून टाकतो?

चाळिशी ओलांडलेला निकॉन एफ३ दुरुस्तीच्या टेबलावर येतो, तेव्हा बहुधा दोन सूचना पुढे येतात. व्ह्यूफाइंडरमधील डागाळलेली एलसीडी बदलावी, आणि आतला मिणमिणता दिवा काढून तेथे झगझगीत पांढरा एलईडी बसवावा. पहिल्या सूचनेला माझी संमती आहे. दुसरीला ठाम विरोध आहे.

विरोधाचे कारण १९७० च्या दशकात आहे. आकडा दाखवायचा कसा, हा तेव्हा जपानी इलेक्ट्रॉनिक्स उद्योगापुढचा खरा प्रश्न होता. एलईडी स्वयंप्रकाशी, पण वीज फार खाणारा. एलसीडीतील द्रवस्फटिक स्वतः उजळत नाही. बाहेरून आलेला प्रकाश तो जाऊ देतो किंवा अडवतो, आणि अत्यल्प विजेवर भागवतो. १९७३ साली शार्पचे ईएल-८०५ हे गणकयंत्र आणि सेइकोचे ०६एलसी हे मनगटी घड्याळ एलसीडी घेऊन बाजारात आले.

हाच वाद पुढे कॅमेऱ्यात शिरला. कॅननच्या ए-१ ने (१९७८) व्ह्यूफाइंडरच्या तळाशी लाल एलईडी आकडे दिले, आणि ते नकोसे झाले तर विझवण्यासाठी एक खटकाही दिला. दोनच वर्षांनी निकॉनने एफ३ मध्ये नेमकी उलट निवड केली. शटरगती दाखवणार एलसीडी. दिवसा तिला बाहेरचा प्रकाश पुरणार. अंधारात एक चिमुकले लाल बटण दाबून दिवा लावायचा. हे बटण इतके अडचणीचे, की छायाचित्रकार आजही त्याला नावे ठेवतात. जॉर्जेत्तो जुजारो यांनी रूप दिलेल्या देखण्या कॅमेऱ्यात ते तसेच कसे राहिले, याचे मला नवलच वाटते.

पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला ती गैरसोय मोलाची वाटते. शटर, प्रकाशमापन आणि आकडे हे सारे दोन बटण-सेलांवर चालवायचे, तर उजेड मोजूनमापूनच खर्चावा लागणार. तो मंद दिवा म्हणजे त्या काटकसरीचा पुरावा आहे. तेथे प्रखर एलईडी बसवला, की एफ३ मधली निवड दिसेनाशी होते.

‘कॅमेरा वापरण्यासाठी असतो, पूजण्यासाठी नव्हे,’ हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच एलसीडी बदलण्याला माझी हरकत नाही. मात्र घाई नको. आकड्याची एखादी रेघ उमटत नसेल, तर दोष कधीकधी केवळ मळलेल्या विद्युतसंपर्काचा असतो. तो आधी स्वच्छ करून पाहावा. कडेकडून शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर मात्र ती पट्टी गेली. मग बदली पट्टी येते ती दुसऱ्या एफ३ चे पोट फाडून, आणि तीही तितकीच म्हातारी! एका कॅमेऱ्याचा जीव दुसऱ्यात घालताना निदान त्याची नोंद तरी राहावी. विक्रेते ‘पूर्णपणे मूळ स्थितीत’ असे बिनदिक्कत लिहितात, आणि घेणाराही विचारत नाही.

माझा आग्रह एवढाच आहे : काढलेली पट्टी कागदी पाकिटात घालून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवावी. पाकिटावर दुरुस्तीची तारीख, दोन्ही कॅमेऱ्यांचे अनुक्रमांक आणि दिवा मूळचा आहे की बदललेला, हे लिहावे.

तुमच्या घरच्या कॅमेऱ्यासोबत अशी एखादी चिठ्ठी आहे का? असल्यास तिचे छायाचित्र खाली जरूर टाका.