किलोनं की कुंडलीनं?

‘पुन्हा भंगारच का?’ असं मागच्या लेखानंतर बार्शीच्या एका वाचकानं खडसावलं आहे. त्यांना सांगतो, या वेळी भंगार शोधायला मी कुठं गेलो नव्हतो. ते समुद्रमार्गे थेट माझ्या फोनवर आलं. परदेशात नोकरीला असलेल्या भाच्यानं एक जाहिरात पाठवली. जुनी लाकडी, शिडाची यॉट, पूर्ण दुरुस्त केलेली, विकणे आहे. खाली त्याची मल्लिनाथी: ‘मामा, उजनी धरणात चालेल का?’

चालायची नाही. पण जाहिरात मात्र मी पुन्हापुन्हा वाचली. किंमत सगळ्यात शेवटी, तीही ‘चौकशी केल्यास कळवू’ अशा थाटात. आधी काय, तर आराखडा कुणाचा, बांधली कुठल्या गोदीत, पाण्यात उतरली कुठल्या साली, मालक कोण कोण झाले, मधली कित्येक वर्षं कुठल्या खाडीत चिखलात पडून होती, डोलकाठी कधी बदलली, बुडाच्या कुठल्या फळ्या मूळच्या आणि कुठल्या नव्या. दुरुस्तीच्या बिलांची फाइल बोटीबरोबर मिळेल. एवढी कुंडली आमच्याकडे स्थळ सुचवतानाही कुणी देत नाही.

एका फोटोत कारागीर दोन फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठेवून ती लाकडी हातोड्यानं ठासतोय. वरून लांबी भरायची. मग बोट पाण्यात सोडली की पहिले काही दिवस ती गळते, आणि कुणी घाबरत नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप आवळल्या जातात. वर ओढून उन्हात ठेवली की मात्र फळ्या सुकतात, फटी उघडतात. म्हणजे लाकडी बोट जपायची तर ती पाण्यातच हवी.

आता आपल्याकडची विक्री बघा. रेल्वेचं इंजिन एकदा ‘कंडम’ ठरलं की ते इंजिन राहत नाही, टन होतं. लोखंड इतकं, पितळ इतकं, माल आहे तिथे, आहे तसा. कोणत्या कारखान्यात घडलं, कुठल्या मार्गावर धावलं, कुणी कितीदा बॉयलर बदलला, याला यादीत रकाना नसतो. जुनी वस्तू दोन्हीकडे विकलीच जाते आणि विकण्याबद्दल माझी तक्रार नाही. हे मी आधीही लिहिलंय, तरी ‘तुम्हाला सगळंच संग्रहालयात हवं’ असा शेरा येतोच. मला संग्रहालय नकोय. मला गिऱ्हाईक हवंय, आणि नाव-गाव न सांगता विकलेल्या मालाला भंगारवाल्याखेरीज गिऱ्हाईक येत नाही.

शंका असेल तर मुंबईचंच जहाज घ्या. ‘ट्रिंकोमाली’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. तिच्या आराखड्यांची पहिली प्रत मुंबईला पोचलीच नाही, कारण ती घेऊन निघालेलं ‘जावा’ हे जहाज डिसेंबर 1812 मध्ये अमेरिकनांनी पकडून जाळलं. दुसरी प्रत मागवावी लागली. लाकूड मलबारचं सागवान. नेपोलियनच्या लढायांत इंग्लंडला ओक पुरेना, आणि तसंही ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, तर सागवानातल्या तेलानं ते टिकतात. खर्च 23,000 पौंड. एवढा खटाटोप करून नौका तयार झाली तेव्हा वॉटर्लू होऊन दोन वर्षं उलटली होती. सरकारी कामं वेळेवर न होण्याची परंपरा आपल्याला कुठून मिळाली, याचा आणखी एक पुरावा.

पुढं गस्त, मग बंदरात उभं राहून नवशिक्यांना कवायत शिकवणं, आणि अखेर 1897 मध्ये नौदलानं ती भंगारवाल्याला विकली. इथपर्यंत गोष्ट अगदी आपल्यासारखी. पण त्याच सुमाराला जेफ्री व्हीटली कॉब नावाचा एक धनिक गृहस्थ जहाजाच्या शोधात होता. त्यानं आधी नेल्सनची ‘फूद्रोयां’ तोडणाऱ्यांच्या हातून सोडवून पदरच्या पैशानं दुरुस्त केली होती. जून 1897 मध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात तिचे तुकडे झाले. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. यानं फुटक्या जहाजाच्या तांब्याची पदकं आणि लाकडाच्या वस्तू करून विकू दिल्या, आणि स्वतः ‘ट्रिंकोमाली’ भंगारवाल्याकडून विकत घेऊन तिला जुन्या जहाजाचं नाव दिलं. त्या नावानं तिनं 1986 पर्यंत मुलांना दर्यावर्दीपण शिकवलं. मग हार्टलपूलला नेऊन 1990 पासून दुरुस्ती सुरू झाली, ती 2001 मध्ये संपली. खर्च एक कोटी पाच लाख पौंड. मूळचं नाव परत मिळालं. आज पाण्यावर तरंगत असलेली ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ती बघतात. आपलं सागवान आणि आपल्या सुतारांचं काम, पण बघायला विमानाचं तिकीट लागतं.

1897 हा आकडा कुर्डुवाडीकरांना ओळखीचा वाटला असेल, आणि मी हे सगळं का सांगतोय तेही कळलं असेल. त्याच वर्षी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. आपलं कुर्डुवाडी स्टेशन तेव्हा ‘बार्शी रोड’ होतं. अडीच फुटी गेजवर मोठं वजन कसं न्यावं याचे प्रयोग त्यानं आधी इंग्लंडात लीड्सजवळ करून दाखवले आणि मग गाडी इथं आणली. ती 1906 मध्ये पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला, 1927 मध्ये मिरजेला पोचली. आषाढीला टपावर बसून जाणारे वारकरी या गाडीनं पाहिले. 1954 मध्ये सरकारनं ती घेतली आणि पुढं टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज आलं. ब्रॉडगेज हवंच होतं. आम्हीच मागत होतो. पण अडीच फुटीच्या विक्रीच्या वेळी आमच्यात एकही कॉब निघाला नाही, याचं कारण आमच्याकडे पैसेवाले नव्हते, हे मला पटत नाही. बार्शीचे अडते काय गरीब होते? ‘हे इंजिन, हा त्याचा जन्म, ही त्याची किंमत’ असं कुणी त्यांच्यासमोर मांडलंच नाही. इंजिनावरच्या पितळी पाट्या मात्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात व्यवस्थित पोचल्या असणार. याला पुरावा मागू नका, माझा स्वभाव आहे.

‘चौथऱ्यावर बसवलीत की इंजिनं’ असं कुणी म्हणेल. रेल्वेच्या कचेऱ्यांपुढं अशी छोटी इंजिनं देशभर उभी आहेत. जवळ जाऊन बघा. भट्टीचं दार वेल्डिंगनं बंद, प्रेशरचा काटा गायब, तेलाच्या कुप्यांत ऑइलपेंट सुकलेला, आणि दर उद्घाटनाला त्यावर रंगाचा नवा थर. चाकं कधी फिरू नयेत याचीच ही व्यवस्था. तरी ज्या हातांना इंजिन दुरुस्तीचं काम येतं ते हात गावातच आहेत. माथेरानच्या छोट्या गाडीची दुरुस्ती कुठं होते? कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात. त्याच माथेरानच्या चार मूळ इंजिनांपैकी एक मात्र इंग्लंडातल्या शौकिनांकडे गेलं. त्यांना त्याची कुंडली ठाऊक होती.

‘विक्रांत’ या जुन्या विमानवाहू युद्धनौकेबद्दल या स्तंभात इतकं लिहून झालंय की आता फक्त उजळणी: 2014 मध्ये सुमारे साठ कोटींना लिलाव, मुंबईच्या दारूखान्यात तोड, 2016 मध्ये तिच्या पोलादातून मोटारसायकल. दुसरीकडे अजिंठ्याच्या भिंतीवरचं चित्र बघून गोव्यात फळ्या दोरानं शिवून ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका बांधली गेली आणि मे 2025 मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. काम सुंदरच आहे. पण जुन्यासारखं नवं बांधायला आपल्याकडे पैसा निघतो, आणि जे खरोखरच जुनं आहे ते काट्यावर चढतं.

रेल्वेकडे मागणी एकच, तीही बिनखर्चाची. नॅरोगेजची कोणतीही वस्तू तोडीच्या लिलावात जाण्याआधी तिचा कारखाना, वर्ष, नंबर आणि फोटो जाहीर करा आणि दोन महिने खरेदीदाराची वाट बघा. नाही आला, तर खुशाल तोला.

आणि वाचकांना विनंती. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूरच्या कित्येक घरांत बार्शी लाइटचा कंदील, घंटा किंवा टोकन अजून असेल. आजोबा-पणजोबा फिटर होते, खलाशी होते, गार्ड होते. विकायचं तर जरूर विका. फक्त वस्तू कुणाकडून आली, कोणत्या स्टेशनावरची, कोणत्या सालची, हे साध्या कागदावर लिहून तिच्यासोबत बांधा, आणि भाव त्यानंतर सांगा.